विट्यातलं घर, तमिळनाडूतली भट्टी: स्वमग्न मुलाच्या आईवडिलांच्या संसाराचं एक प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील फिरवले आहेत, आणि नवरा-बायको दोघांनीही लिहायला संमती दिली आहे. मी बालविकास केंद्रात समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे मुलाची फाईल जाडजूड होत जाते: बोलणं, झोप, जेवण, शाळा. त्याच्या आईबापाचं आपसात कसं चाललंय, याला त्या फाईलमध्ये रकानाच नसतो. म्हणून इथे मुलाच्या थेरपीबद्दल कमी आणि त्या दोघांबद्दल जास्त लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

खानापूर-आटपाडी हा कमी पावसाचा पट्टा. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर गेली. जुनं सोनं-चांदी वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हे काम. दक्षिणेतल्या कितीतरी सराफ बाजारांत मागच्या गल्लीत विट्याकडच्या माणसाची भट्टी सापडते. गावच्या यात्रेला आणि दिवाळीला ही माणसं परत येतात, गावात बंगले बांधतात आणि पुन्हा जातात. काही बायकामुलं सोबत नेतात, काहींची गावीच असतात. नवरा वर्षातले दहा महिने परमुलखात असणं इथे कुणाला खटकत नाही. या प्रकरणात हेच आड आलं. जे निम्म्या गावाच्या घरी चालतं, त्यात आपल्या घरी काही बिघडलंय हे लवकर दिसत नाही.

प्रमोद बारावीनंतर चुलत्याच्या भट्टीवर कामाला लागला आणि पुढे तमिळनाडूतल्या एका शहरात त्याने स्वतःचा गाळा घेतला. धाकटा भाऊ काही वर्षं त्याच्याबरोबर होता, मग विट्याला परतून शेती आणि पोल्ट्री बघू लागला. अश्विनी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, बी.ए. झालेली. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर गेली. खाली गाळा, वर दोन खोल्या. शौर्य तिथेच जन्मला.

अडीच वर्षांचा झाला तरी शौर्य बोलेना. हाक मारली तर वळत नसे, फिरत्या पंख्याकडे तासन्‌तास बघे, आणि आधी येत असलेले दोन-तीन शब्दही गेले होते. ओळखीचे सगळे म्हणाले, घरात मराठी, दारात तमिळ, पोरगं गोंधळलंय. हे कारण फार लोकप्रिय आहे आणि चुकीचं आहे. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांची भाषाही दोन भाषांमुळे आणखी मागे पडत नाही, हे बऱ्याच अभ्यासांनी तपासलं आहे. पण या समजापायी या घरातला सगळ्यात मोठा निर्णय झाला. 'गावाकडे मराठीत वाढला की बोलेल' म्हणून आई आणि मूल विट्याला आले, प्रमोद तिकडेच राहिला. सहा महिन्यांची म्हणून केलेली सोय तीन वर्षांवर गेली.

शौर्य पावणेचार वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. ते ऐकायला अश्विनी आणि तिचा भाऊ होते. प्रमोदला फोनवर कळलं, तेही भट्टी चालू असताना. तो म्हणाला, "बरं, डॉक्टर सांगतील ते सगळं कर, पैशाची काळजी करू नको." तो शब्द त्याने अक्षरशः पाळला.

अडचण

शौर्य सहा वर्षांचा झाला तेव्हा अश्विनीला तिचा भाऊ आमच्याकडे घेऊन आला. बसल्याबसल्या तिने सांगितलं, "मॅडम, मी माहेरी निघालेय. परत नांदायला जाणार नाही. फक्त शौर्यचं काय करायचं ते सांगा."

दारू, मारहाण, संशय यातलं काही नव्हतं. हे मी दोघांना वेगवेगळं आणि फिरून फिरून विचारलं, कारण यातलं काही असेल तर जोडप्याला एका खोलीत बसवून बोलतं करणं बाईच्या जिवावर बेतू शकतं. तसं काही नाही याची खात्री झाल्यावरच पुढचं काम सुरू झालं.

अश्विनीचा दिवस असा होता. शौर्य रात्री दोन-अडीचपर्यंत जागा. ऑटिझम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना झोपेची अडचण असते, पण घरात ते 'आईनं सवय लावली नाही' असं मोजलं जात होतं. सासू-सासऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ती त्याला घेऊन माडीवर फेऱ्या मारायची. सकाळी सहाला आठ माणसांचा स्वयंपाक. आठवड्यातून दोनदा थेरपीला सांगली, विट्याहून तासगावमार्गे पन्नासेक किलोमीटर, एस.टी.ने. शौर्यला हॉर्न सहन होत नाही. तासगाव स्टँडवर गाडी थांबली की तो कान दाबून किंचाळायचा आणि गाडीतली सगळी माणसं मुलाकडे न बघता आईकडे बघायची.

रात्री दहाला भट्टी आवरून प्रमोदचा व्हिडिओ कॉल यायचा. जेवला का, आज काय शिकवलं, थेरपीवाल्या मॅडम काय म्हणाल्या, त्याला जरा कॅमेऱ्याकडे बघायला लाव. शौर्य बघायचा नाही. अश्विनी म्हणाली, "मुकादमाला हजेरी दिल्यासारखं वाटतं."

घरात सासूबाईंचं ठरलेलं वाक्य होतं: तिकडे असताना पोराच्या हातात मोबाईल दिला, म्हणून असं झालं. दोष आईवर टाकण्याची ही रीत काही आपल्याच गावची नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइमसारखे नामांकित लोक, थंड स्वभावाच्या आयांमुळे मुलं अशी होतात, असं छातीठोकपणे सांगत होते. १९७७मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला, तेव्हा त्या कल्पनेला मोठा धक्का बसला. विट्यात फक्त आईचा थंडपणा जाऊन मोबाईल आला आहे.

पण सासूबाईंना खलनायिका करून हे प्रकरण सुटत नव्हतं. सगळ्यात टोचून बोलणाऱ्या त्याच, आणि शौर्यला जेवू घालण्यात सगळ्यात तरबेजही त्याच. तीच वाटी, तोच कोपरा, दुधात कुस्करलेली भाकरी, आणि घास देताना एक अक्षर बोलायचं नाही. हे त्यांना कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय कळलं होतं. अश्विनीलाही ते मान्य होतं. सासूबाईंना ती आत्या म्हणते. "आत्यांच्या हातून तो जेवतो म्हणून तर मी अजून तिथं आहे," असं ती एकदा म्हणाली.

यात्रेसाठी प्रमोद गावी आला तेव्हा त्याला पहिल्यांदा भेटले. वैवाहिक समाधान मोजायला आम्ही 'कॅन्सस श्रेणी' वापरतो. तिच्यात तीनच प्रश्न आहेत: लग्नाबद्दल किती समाधानी आहात, जोडीदार म्हणून नवऱ्याबद्दल किंवा बायकोबद्दल किती, आणि दोघांच्या नात्याबद्दल किती. उत्तर एक ते सात. दोघांना वेगळं बसवून विचारलं. अश्विनीची उत्तरं तीन, चार, दोन. प्रमोदची सहा, सात, सहा.

प्रमोद म्हणाला, "मॅडम, मला कसलं व्यसन नाही, बाहेरचं काही नाही, पैसे पाच तारखेच्या आत. असं मूल झालं तर दुसरं लग्न कर म्हणून नातेवाइकांनी सांगितलं, मी उडवून लावलं. अजून काय पाहिजे?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मते संसार चांगला चालला होता.

अश्विनीनेही त्याला नाकारलं नाही. "ह्यांचं काही चुकत नाही हो. चुकायला इथं असायला लागतं."

तिच्या तीन उत्तरांत सगळ्यात वरचं उत्तर जोडीदाराबद्दलचं आणि सगळ्यात खालचं नात्याबद्दलचं आहे, हे मला महत्त्वाचं वाटलं. माणसाबद्दल तिची तक्रार कमी होती. दोघांमध्ये काही उरलंय का, याबद्दल होती.

घटस्फोटाच्या आकड्यांबद्दल

अश्विनीच्या डोक्यात आणखी एक गोष्ट बसली होती. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांपैकी ऐंशी टक्के घटस्फोट घेतात, असं तिने मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं. हा आकडा अमेरिकेतही बरीच वर्षं फिरत होता. तिथल्या फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये सुमारे ७८ हजार मुलांच्या राष्ट्रीय पाहणीवरून तपासलं, तेव्हा दोन्ही पालकांच्या घरात राहणारी मुलं ऑटिझम असलेल्यांत ६४ टक्के आणि इतरांत ६५ टक्के निघाली. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण त्याआधी, २०१०मध्ये, हार्टली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात वेगळं दिसलं होतं: ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांत घटस्फोट २३.५ टक्के, तुलनेच्या गटात १३.८ टक्के. त्यातली खरी कामाची गोष्ट पुढे आहे. इतर जोडप्यांत मूल आठेक वर्षांचं झाल्यावर धोका कमी होत जातो. या जोडप्यांत तो मूल मोठं होईपर्यंत तसाच राहतो, कारण मूल मोठं होतं तरी आईवडिलांचं काम हलकं होत नाही.

दोन्ही अभ्यास मी अश्विनी-प्रमोदला सांगितले. ऐंशीचा आकडा खोटा आहे हे ऐकून तिला बरं वाटलं. पण आपल्याकडे घटस्फोट मोजून फारसं काही हाती लागत नाही, हेही सांगायला हवं. इथे कागदावर लग्न शाबूत असतं आणि बाई माहेरी असते, किंवा नवरा परमुलखात. हे जोडपं तीन वर्षं वेगळंच राहत होतं आणि कोणत्याच पाहणीत ते तुटलेलं दिसलं नसतं.

पर्याय

पहिला पर्याय प्रमोदने मांडला: तिघांनी पुन्हा तमिळनाडूला जायचं. शहर मोठं, थेरपीची सोय विट्यापेक्षा जास्त. तमिळ भाषेची भीती निराधार होती, तेही मी सांगितलं. अडचण दुसरीच निघाली. खोल्या भट्टीच्या बरोबर वर. सोनं शुद्ध करताना नायट्रिक ॲसिडच्या वाफा निघतात, आणि ज्या मुलाला धोक्याची जाणीव नाही, जे हाताला येईल ते तोंडात घालतं, त्याला सोनं वितळवायची मूस आणि तेजाब (ॲसिड) यांच्याशेजारी ठेवणं शक्य नव्हतं. वेगळं घर भाड्याने घ्यायचं तर प्रमोद दिवसभर गाळ्यावर, म्हणजे अश्विनी तिथेही एकटीच, आणि भरवायला आत्याही नाहीत.

दुसरा पर्याय अश्विनीच्या भावाचा: गाळा बंद करून प्रमोदने कायमचं गावी यावं. विट्यात यंत्रमाग आहेत, पोल्ट्री आहे, शेती आहे. प्रमोदने हिशेब मांडला. गाळ्याची अनामत, घराचं कर्ज, बहिणीचं लग्न तोंडावर. टंच काढण्यात, म्हणजे सोन्याची शुद्धता ठरवण्यात, त्याच्या हाताला नाव होतं, आणि तीसेक सराफ त्याच विश्वासावर माल देत होते. ते एकदा तुटले की परत जोडले जात नाहीत. मला तो बहाणा वाटला नाही. थेरपीचा खर्चही त्याच गाळ्यातून निघत होता.

तिसरा पर्याय अश्विनीने आधीच ठरवलेला, वेगळं होण्याचा. तो आम्ही बाजूला सारला नाही. समुपदेशकाने संसार वाचवायचाच, असा काही नियम नाही. माहेरी कोण सांभाळेल, पोटगी, मुलाचा ताबा, यावर तिने वकिलाचा सल्ला घ्यावा असं मीच सुचवलं, आणि तिने घेतला. परत आली तेव्हा म्हणाली, "माहेरी वहिनीला किती दिवस चालेल? तिथं पण शौर्य माझ्या एकटीकडंच येणार." वेगळं होऊन तिच्या वाट्याचं काम एका तासानेही कमी होत नव्हतं. हे तिने स्वतः मोजलं.

आणि एक पर्याय घरच्यांचा: दुसरं मूल होऊ द्या, शौर्यला भाऊ मिळेल, मोठेपणी बघेल. प्रमोदचं मन इकडे ओढलं जात होतं. यावर बैठक लांबली. मोठ्या भावाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, हे बाल्यावस्थेपासून पाठच्या भावंडांवर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. मी आकडा सांगितला आणि गप्प बसले. अश्विनी म्हणाली, "पाचात चार चांगलं निघेल हे मला पण कळतं. पण त्याच्या जन्माआधीच त्याला राखणदार करायचं?" प्रमोद काही बोलला नाही. निर्णय दोन वर्षं पुढे ढकलला, आणि ढकलला आहे हे घरात सांगायची जबाबदारी प्रमोदने घेतली. आईपुढे बायकोच्या वतीने तो उभा राहण्याची ही पहिलीच वेळ होती, असं अश्विनीने नंतर सांगितलं. तिच्या लेखी सगळ्या बैठकांपेक्षा ते मोठं होतं.

शेवटी जो मार्ग निवडला तो प्रमोदच्या धाकट्या भावाच्या तोंडून आला. त्याला भट्टीचं काम येत होतं. दोघा भावांनी आळीपाळीने जायचं: वर्षात दोन खेपा, तीन-तीन महिने प्रमोद गावी आणि भाऊ तिकडे. त्या महिन्यांचा निम्मा नफा भावाचा.

प्रत्यक्षात काय केलं

सुरुवात झोपेपासून केली. बालरोगतज्ज्ञांनी औषध आणि वेळापत्रक दोन्ही दिलं. संध्याकाळी मोबाईल बंद, दुपारची झोप बंद, अंधारी खोली, रोज तोच क्रम. दोनेक महिन्यांत शौर्य साडेअकराच्या सुमारास झोपू लागला. ज्या बाईला तीन वर्षं सलग चार तास झोप नाही, तिच्याशी नात्याबद्दल बोलण्यात अर्थ नसतो.

मग प्रमोदची पहिली खेप. नियम एवढाच: आठवड्यातून तीन दुपारी शौर्य एकट्या प्रमोदकडे, अश्विनीने घराबाहेर जायचं आणि फोनवरून सूचना द्यायच्या नाहीत. सासूबाईंनीही मध्ये पडायचं नाही. पहिल्याच दुपारी शौर्यने कपडे काढून टाकले, भिंतीवर डोकं आपटलं, आणि सासूबाईंनी नियम मोडून त्याला उचललं. प्रमोद पुढच्या बैठकीत म्हणाला, "मला वाटायचं, ही वाढवून सांगते."

बाहेर पडून अश्विनी काय करत होती? पहिले काही दिवस शेजारच्या घरात बसून आवाज ऐकत होती. नंतर मैत्रिणीकडे जाऊन नुसती झोपायची.

प्रमोदने हळूहळू स्वतःची रीत शोधली. घरात चुलत्याच्या काळातला जुना तराजू होता. शौर्य त्याच्या हलत्या पारड्यांकडे अर्धा अर्धा तास बघत राही. प्रमोद शेजारी बसून एकेक वजन हातात देई, शौर्य ठेवी. बोलणं नाही, नजर नाही, पण एकदा तू, एकदा मी, असा खेळ जमला, जो थेरपीत महिनोन्‌महिने जमत नव्हता. सांगलीच्या फेऱ्याही त्याने घेतल्या. पहिल्या फेरीत तासगावलाच उतरून परत फिरला. नंतर पहाटेची गाडी, पुढची सीट आणि कानावर हेडफोन, असं जमवलं. अश्विनी हेडफोनचं वर्षभर सुचवत होती. ते ऐकायला बापाला एकदा त्या स्टँडवर उतरावं लागलं.

रात्रीच्या फोनचं मात्र आमचं ठरवलेलं फसलं. दुसऱ्या खेपेआधी प्रमोद तिकडे असताना, पहिली दहा मिनिटं मुलाबद्दल काही विचारायचं नाही, असं ठरलं होतं. दोघांकडे बोलायलाच काही निघेना. आठवडाभर 'जेवलात का' आणि 'ऊन किती आहे' झालं. मग अश्विनीनेच एकदा कंटाळून विचारलं, "आज सोन्याचा भाव काय फुटला?" प्रमोद वीस मिनिटं बोलला. कुठला सराफ टंचावरून भांडला, कुणी उधारी बुडवली. ती गाळ्यावर राहिलेली असल्याने तिला माणसं माहीत होती. पुढे तेच रोजचं झालं. कुठल्या पुस्तकात हा उपाय सापडणार नाही.

प्रमाणपत्राचा निर्णय

दिव्यांग प्रमाणपत्रावरून जे झालं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण अशा घरांत हा तिढा हमखास येतो. १९९५च्या जुन्या कायद्यात ऑटिझम नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. तपासणी 'इसा' या भारतीय मापनश्रेणीवर होते: चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. प्रमाणपत्र मिळालं की राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना घेता येते, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा असतो आणि थेरपीचा खर्चही बसतो. प्रमोद आयकर भरणारा, त्याला जुन्या करपद्धतीत कलम ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावटही मिळाली असती.

प्रमोदने नकार दिला. बहिणीचं लग्न जमवायचं होतं. 'घराण्यात वेड आहे' असं पसरलं तर स्थळं परत जातील, ही भीती. अश्विनीला हा नकार जिव्हारी लागला. ती म्हणाली, "नणंदेच्या लग्नासाठी माझं पोरगं लपवायचं?" अगदी मोडायला आलं होतं. मी एवढंच केलं की प्रश्नाचे दोन भाग पाडले. प्रमाणपत्र कपाटात राहतं, ते कुणी चावडीवर लावत नाही. आणि शौर्यला लग्नाच्या बोलणीच्या वेळी खोलीत बंद ठेवायचं का, हा वेगळा प्रश्न. दुसऱ्यावर प्रमोदने ठामपणे सांगितलं, बंद ठेवायचं नाही. पहिल्यावर वर्षभर थांबायचं ठरलं. अश्विनीने मान्य केलं, मनापासून नाही.

लग्न झालं. वरपक्षाला शौर्यबद्दल पहिल्या भेटीआधीच सगळं ठाऊक होतं. विट्यात काय लपतं? वर्षभराची योजना आणि करसवलत गेली ती गेली. प्रमोदने ते पैसे मोजून अश्विनीच्या खात्यावर भरले. माफी मागण्याची त्याची ती पद्धत.

काय झालं

वर्षाने तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. अश्विनीची उत्तरं पाच, पाच, चार. प्रमोदची चार, पाच, चार.

अश्विनीचं समाधान वाढलं, प्रमोदचं घटलं. मी या घटीला वाईट मानत नाही. आधीचे सहा-सात हे दुरून दिलेले गुण होते. आता त्याच्याकडे तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या: "मी काही केलं की ही मागून येऊन परत करते. डबा मी भरला तरी उघडून बघते." अश्विनीने नाकारलं नाही. तीन वर्षं एकटीने केल्यावर कुणावर सोपवणं सोपं नसतं. कित्येक घरांत बापाला दूर ठेवायला आईची ही शिस्त कारण ठरते, आणि वरून बाप काही करत नाही असंही म्हटलं जातं. यावर आता त्यांच्या बैठका चालू आहेत. दोघंही आता एकाच गोष्टीवरून भांडतात, पूर्वी एकटी अश्विनी भांडायची आणि तेही मनात.

शौर्य आता आठेक शब्द बोलतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो, विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात. रात्री झोपतो. रागाचे झटके आहेत. सासूबाईंचं मोबाईलचं पालुपदही आहे, फक्त प्रमोद समोर असताना कमी. गाळ्यावरचे काही सराफ भावाच्या हाताला न पटल्याने गेले, उत्पन्न घटलं. माहेरी जायचं अश्विनी आता बोलत नाही. वकिलाचा कागद तिने फाडलेलाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

निदानाच्या दिवशी बापाला व्हिडिओवर का होईना सोबत बसवायला हवं होतं. ज्याला निदान फोनवरून, भट्टीच्या आवाजात कळतं, तो पुढे सगळं फोनवरूनच करू बघतो. गलाई, लष्कर, ऊसतोड, ज्या घरातला एक माणूस सतत बाहेर असतो तिथे बहुतेक केंद्रांची सोमवार ते शनिवारची वेळ बापाला वगळते. रविवारी सराफ बाजार बंद असतो. महिन्यातला एक रविवार उघडा ठेवला असता तर प्रमोद दोन वर्षं आधी खोलीत आला असता, असं मला वाटतं.

पहिल्या भेटीत फक्त आईला विचारून 'घरी सगळं ठीक' अशी नोंद होते, तीही बदलायला हवी. या घरात कुणीही प्रमोदला विचारलं असतं तर ठीकच उत्तर आलं असतं, आणि अश्विनीला सासूसमोर विचारलं असतं तरी तेच. तीन प्रश्न, दोघांना वेगळे, दर सहा महिन्यांनी. पाच मिनिटं लागतात.

प्रमाणपत्राबाबत मी आजही दोन मनांची आहे. जोर लावला असता तर वर्षाचा फायदा मिळाला असता, पण प्रमोद बैठकांना आला असता का, शंका आहे.

आणि आळीपाळीचा हिशेब मांडला तेव्हा एक माणूस खोलीत नव्हतं: अश्विनीची जाऊ. तिचा नवरा आता वर्षातले सहा महिने तमिळनाडूत, घरी तिचं दोन वर्षांचं मूल आणि पोल्ट्रीचं काम तिच्या गळ्यात. अश्विनीचं ओझं कमी झालं त्यातला एक भाग तिच्याकडे सरकला, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या खेपेच्या शेवटी ती स्वतःच केंद्रात आली, शौर्यला सोडायच्या निमित्ताने, आणि म्हणाली, "ताईंचं बरं झालं, मला आनंद आहे. पण माझं कोण बघणार?" आता पुढची खेप दोन महिन्यांची ठरली आहे, पोल्ट्रीला गडी ठेवायचा आहे आणि त्याचा पगार प्रमोदच्या वाट्यातून जाणार आहे. ही अट जावेने घातली. प्रमोदने अजून होकार दिलेला नाही.